मामाला हाक ऐकू न येण्याचं सेटिंग

हे तुम्हाला कुणालाही खरं वाटणार नाही. आजवर एकालाही वाटलेलं नाही. माझ्या बायकोलासुद्धा नाही, आणि ती तर त्या दिवशी पहिल्या रांगेत बसून सगळं डोळ्यांनी बघत होती. तेव्हा आधीच सांगून ठेवतो. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मध्येच उठून जायचं नाही आणि मध्ये बोलायचं नाही एवढीच अट. तसंही नवरदेवाची गाडी अजून कुर्डुवाडीच्या पलीकडेच आहे आणि इथला चहा संपलाय.

विषय काढला तो ह्या रेवाने. ही नवरदेवाची चुलत बहीण, पुण्याहून पुढे आलेली. बार्शीच्या ह्या ‘समाधान’ मंगल कार्यालयात पाऊल ठेवल्यापासून ती भिंती चाचपत होती. शेवटी माझ्याकडे आली.

"आजोबा, एवढं मोठं कार्यालय आणि भिंतीवर एकच बटण? दाबलं की पंखे, दिवे, माइक सगळं एकदम सुरू. नुसता पंखा लावायचा असेल तर?"

"तर सगळं लावायचं."

"पण का?"

आता विचारलंच आहेस तर ऐक. फक्त आवाज बेताने. तो समोर खुर्चीत खांद्यावर उपरणं टाकून डोळे मिटून बसलाय ना, तो पुष्कराज. आमच्या ओवीचा मामा, म्हणजे आजच्या नवरीच्या आईचा मामा. ह्या गोष्टीतला मामा तो हाच. आता वय झालं, कानाला यंत्र लागतं. डुलकी घ्यायची झाली की ते काढून रुमालात बांधतो आणि माझ्याकडे देतो. हा बघ रुमाल, माझ्या खिशात. म्हणून तर मोकळेपणाने बोलतोय.

मी कोण, तर बारशाचं नाव तुषार, डोक्यावरचे केस गेल्यापासून तात्या. ओवीच्या वडिलांचा, संग्रामचा, चुलत भाऊ. उमेदीची सगळी वर्षं मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या सेटिंगच्या खिडक्या लावण्यात घालवली. लोक धरणं बांधतात, पूल बांधतात. मी कुठली टिक कुठल्या टिकेखाली बसवायची ते ठरवायचो. एकदा तर मी एक खिडकी इतकी निगुतीने लावली होती की ती उघडल्यावर माणसाला गाढ झोप लागायची, आणि जागा होईपर्यंत त्याचं काम आपोआप उरकलेलं असायचं. हसू नकोस. त्या कंपनीने मला शाल दिली होती.

तर त्या काळी ‘समाधान’ची मालकीण शीतलताई नलवडे. बाईंचं एकच तत्त्व होतं. कार्यालयात आलेल्या पाहुण्याला ‘नाही’ म्हणायचं नाही. तत्त्व थोर, पण लग्नघरात पाळायला गेलं की माणूस खुळा होतो. एक आत्या म्हणणार सनईचा आवाज वाढवा, तिच्या शेजारची म्हणणार कानठळ्या बसल्या. एका काकांना गरम होतंय, त्यांच्या मांडीवरच्या नातवाला सर्दी झालीय. शीतलताई दिवसभर इकडून तिकडे पळायच्या आणि रात्री पाय गरम पाण्यात घालून बसायच्या. मग त्यांनी ते यंत्र आणलं. श्रवणासन.

आता थोडं शास्त्र सांगतो, ते मात्र खरं आहे. आवाज म्हणजे हवेत उठलेली लाट. काही लाटा इतक्या बारीक असतात की माणसाच्या कानाला त्या कळतच नाहीत. वटवाघळाला कळतात. गंमत अशी की अशा दोन बारीक लाटा दोन दिशांनी सोडल्या तर जिथे त्या भेटतात तिथे त्यांच्यातला फरक तेवढा ऐकू येतो. म्हणजे छतातून दोन मुकी किरणं सोडायची, आणि ती एका माणसाच्या कानाजवळ भेटली की तिथे, फक्त तिथेच, सनई वाजते. शेजारच्याला पत्ता नाही. हा झाला ऐकवण्याचा भाग. न ऐकवण्याचा त्याहून सोपा. येणाऱ्या लाटेच्या बरोबर उलटी लाट समोरून सोडली की दोघी एकमेकींना गिळतात आणि मध्ये उरते शांतता. ‘समाधान’च्या छताला असे हजारो चिमुकले भोंगे बसवले होते, जोंधळ्याच्या दाण्याएवढे. कोण कुठे बसलंय ते कॅमेरे बघायचे आणि भोंगे ज्याच्या त्याच्या कानाशी ज्याला त्याला हवं ते पोचवायचे. हवेचंही तसंच, एका खुर्चीला गार झुळूक आणि शेजारच्या खुर्चीला ऊब.

हे सगळं चालायचं ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवरून. टेबलावरचा जुना कॉम्प्युटर, त्याला हळदकुंकू लावलेलं, बाजूला पावतीपुस्तकं. त्यात एक प्रोग्राम, आणि प्रोग्रामात सेटिंगची एक खिडकी. कंपनीने दिली तेव्हा खिडकीत मोजकीच सेटिंगं होती. नीटस, सुटसुटीत, बघूनच गार वाटावं अशी. पण कंपनीच्या शहाण्यांनी एक सोय ठेवली होती. नवीन सेटिंग हवं असेल तर नुसतं बोलायचं. कॉम्प्युटर ते समजून घ्यायचा, तसं सेटिंग तयार करायचा, आणि बोलणाऱ्याच्याच शब्दांत त्याला नाव देऊन खिडकीत टांगायचा.

रेवा, तुला कळलं ना काय झालं असेल?

"काय?"

अगं, बार्शी तालुका येऊन बोलून गेला.

मी ती खिडकी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला दरदरून घाम फुटला होता. वरून खाली सरकवत गेलो तर खिडकी संपेचना. आणि नावं तरी काय. ‘थोरल्या आत्यांचं ते’. ‘मागच्या लग्नात केलं होतं तसंच’. ‘तसं नको’. ‘वैरागच्या पाहुण्यांना कळू न देता पंखा वाढवणे’. ‘न ऐकू येणं बंद करू नये’. हे शेवटचं चालू ठेवल्यावर ऐकू येतं की जात नाही, ह्याच्यावर मी आणि शीतलताई एक अख्खी दुपार भांडलो. एका टिकेचं नाव नुसतंच ‘बघते मी’ असं होतं. ती काढली की स्वयंपाकघरातला दिवा जायचा.

"मग पुसून टाकायची ना जुनी," रेवा म्हणाली.

हेच मी शीतलताईंना म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी देव्हाऱ्यातला टाक भंगारात द्यायला निघालो होतो.

"पुसायचं कसं तात्या? माणसाने मागितलेलं आहे ते. उद्या त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं, आणि आल्या आल्या विचारलं की आमचं ते कुठाय, तर काय तोंड दाखवू? असू दे. लागतं कधीतरी."

असू दे, लागतं कधीतरी. ह्या चार शब्दांवर आपल्याकडचे सगळे माळे भरलेत आणि ती खिडकीही त्यांनीच भरली.

त्यात आणखी एक पाचर होती. दोन सेटिंगं एकमेकांच्या विरुद्ध गेली, तर खिडकीत जे वर असेल ते जिंकायचं. कंपनीचा साधा नियम. पण शीतलताईंनी तो ऐकला आणि त्यांना वाटलं, म्हणजे हा मानाचा क्रम. लगेच त्यांनी सगळी सेटिंगं मानाप्रमाणे लावली. सर्वांत वर वरमाय, मग वरमायच्या नणंदा, मग आहेरात साडी मिळालेल्या, मग नुसता खण मिळालेल्या. नवरीकडचे कुठेतरी तळाला, सतरंज्यांच्या सेटिंगच्या शेजारी. जगात कुणी सॉफ्टवेअरची खिडकी अशी लावली नसेल.

आणि तरीही ‘समाधान’ तुफान चालायचं. कारण ह्या कार्यालयात कुणी रुसत नव्हतं. म्हणजे रुसायचे, पण त्याचा कुणाला त्रास नव्हता. नको असलेल्या माणसाचा आवाज यायचाच नाही. दोन वैरी जावा एका बाकावर बसून हसतमुखाने जेवायच्या, एकीला दुसरीचं अवाक्षर ऐकू न येता. लोक म्हणायचे, किती गोडीगुलाबीने पार पडलं. मला मात्र एक गोष्ट हळूहळू दिसायला लागली. पूर्वी लग्नातला रुसवा पंगत उठेपर्यंत टिकायचा. रुसलेल्याच्या मागे चार माणसं जायची, हातापाया पडायची, तो दोन शब्द टाकून बोलायचा, त्याला दोन शब्द ऐकवले जायचे, आणि रडारड होऊन तो जिलबीला बसायचा. आता मागे जायचं कारणच उरलं नाही. एक टिक केली की झालं. रुसवे पंगतीतून घरी जायला लागले आणि घरी जाऊन म्हातारे व्हायला लागले.

तसाच एक रुसवा आमच्या घरात होता.

ओवी लहान असताना तिचं जावळ काढायचं ठरलं. जावळ मामाच्या मांडीवर काढतात, हे तुम्हा पुण्याच्या पोरांना माहीत असेल-नसेल. मामा म्हणजे हा पुष्कराज, राहायचा परांड्याला. त्याची मोटरसायकल वाटेत बंद पडली. इकडे न्हावी घाई करायला लागला, पोर रडायला लागलं, आणि आमचा संग्राम म्हणजे घड्याळाचा माणूस. तो म्हणाला, मांडी ती मांडी, बसा कुणीतरी. बसलो मी. पुष्कराज धापा टाकत दारात आला तेव्हा भाचीचं डोकं गुळगुळीत झालेलं होतं आणि ती माझ्या मांडीवर होती. त्याने हातातलं झबलं उंबऱ्यावर ठेवलं आणि म्हणाला, "दाजी, आता तुम्ही स्वतः येऊन हाक मारल्याशिवाय मी तुमच्या कुठल्याही कार्यात उभा राहायचा नाही." संग्राम म्हणाला, "हाका मारायला मी काय वासुदेव आहे?"

झालं. ओवी शाळेत गेली, कॉलेजात गेली, नोकरीला लागली, तिचं लग्न ठरलं. ह्या दोघांचं बोलणं नाही.

लग्न ‘समाधान’मध्ये. बोलणी करायला संग्राम आला आणि जाताना हळूच ऑफिसात शिरून कॉम्प्युटरला म्हणाला, "मला त्याचा आवाज नको." दोन दिवसांनी पुष्कराज भाचीला साडी द्यायच्या निमित्ताने बार्शीला आला, त्यानेही ऑफिस गाठलं. शीतलताईंनी स्वतः ऐकलं. शब्दही तेच. "मला त्याचा आवाज नको."

ओवीला हे कळल्यावर ती थेट माझ्याकडे आली.

"तात्याकाका, मामा येतो म्हणालाय. पण बाबाने हाक मारली तरच मला मांडवात आणणार. बाबा म्हणतो, माइकवरून गुरुजी पुकारतातच की, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं म्हणून, तीच हाक समजायची. मी मामालाही पटवलंय. तो म्हणाला, बघू."

"मग झालं की."

"काय झालं? त्या खिडकीत कुणाच्या कानावर काय जाणार नाही त्याची यादी आहे. बाबाची हाक म्हणून यंत्राने तीच त्याच्या कानापर्यंत जाऊ दिली नाही तर? आणि ऐका, मी दुसऱ्या कुणाबरोबर यायची नाही. जावळाला तुमची मांडी चालली, मला तेव्हा बोलता येत नव्हतं. आता येतं." मग म्हणाली, "तुम्ही खिडक्या लावायचात ना? ही लावा."

अशी मला सुपारी मिळाली. त्या खिडकीपुढे मी जेवढे दिवस बसलो तेवढ्या दिवसांत माणसाने एखादी भाषा शिकली असती. आधी म्हटलं, सरळ विषयवार लावू. आवाजाची एकीकडे, हवेची एकीकडे, दिव्यांची एकीकडे. शीतलताई डोक्यावर उभ्या.

"वरमायचं सेटिंग तुम्ही एसीच्या खाली टाकलंत?"

"ताई, ते एसीचंच आहे."

"असेल. पण एसी म्हणजे भाड्याची वस्तू. वरमाय तिच्या खाली कशी बसेल?"

"बसत नाहीये हो कुणी. नाव आहे ते नुसतं."

"नावालाच तर मान असतो तात्या."

मग मी खुर्च्यांप्रमाणे लावून बघितलं. मग जी कधीच वापरली जात नाहीत अशी सगळी उचलून ‘अडगळ’ नावाच्या एका कप्प्यात घातली. नेमका त्या दिवशी मांडवात एक साखरपुडा चालू होता. अडगळीत गेलेली सेटिंगं खाली सरकली, खालची वर आली, आणि जमलेल्या तमाम पाहुण्यांच्या कानाशी स्वयंपाकघरातला आचारी बोलायला लागला. तो पोळ्या लाटणाऱ्या बाईला नवऱ्या मुलाबद्दलचं आपलं मत सांगत होता. साखरपुडा मोडला नाही, पण आचारी मोडला. शीतलताईंनी त्या संध्याकाळी मला जेवायला विचारलं नाही.

शेवटी म्हटलं, जाऊ दे सगळी खिडकी. ह्या दोघांची दोन सेटिंगं तेवढी शोधू आणि काढून टाकू. शोधायच्या चौकटीत लिहिलं, ‘मला त्याचा आवाज नको’. उत्तर आलं आणि मी चष्मा काढून पुसला. खिडकी वरपासून खालपर्यंत त्याच वाक्याने भरली होती. मला त्याचा आवाज नको. मला तिचा आवाज नको. मला त्याचा आवाज नको. पांगरीच्या कुणाचं, वैरागच्या कुणाचं, बायकांचं, पुरुषांचं, एका नवरदेवाचंसुद्धा. सगळ्या तालुक्याने एकच वाक्य बोलून ठेवलं होतं आणि कुणी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. ज्याचं नाव घ्यायचं नाही त्यालाच ‘तो’ म्हणायचं, ही आपली रीत. कॉम्प्युटर बिचारा चेहरे ओळखून बरोबर तो ‘तो’ शोधायचा, पण नावाच्या जागी लिहायचा तेच, जे माणूस बोलला. आता ह्यातला संग्राम कुठला आणि पुष्कराज कुठला?

मी शीतलताईंना म्हटलं, सगळी काढून टाकतो. त्या दाराकडे बघत म्हणाल्या, "मला काही दिसलं नाही." एवढी मोठी परवानगी बाईंनी आयुष्यात कुणाला दिली नसेल. मी ‘सर्व काढा’ दाबलं. कॉम्प्युटरने विचारलं, ‘हे सेटिंग एका काकूंचे आहे. त्यांना विचारलेत का?’ हो म्हटलं. ‘हे सेटिंग एका जावयांचे आहे. त्यांना विचारलेत का?’ हो म्हटलं. प्रत्येकासाठी वेगळा प्रश्न. शीतलताईंच्या हाताखाली राहून यंत्रालाही मानपान कळायला लागला होता. बोटं दुखेपर्यंत हो हो म्हणत राहिलो आणि लग्नाचा दिवस उजाडला.

"आणि ती दोन गेली होती का राहिली होती?" रेवाने विचारलं.

तेच तर. कळायला मार्ग नव्हता.

मांडव भरला. नवरदेव पाटावर उभा राहिला, अंतरपाट धरला गेला. संग्राम एका खांबाशी, पुष्कराज तिसऱ्या रांगेत कडेला. मी ऑफिसच्या दारात, जिथून दोघेही दिसत होते. गुरुजींनी माइकवरून पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

पुष्कराजने खांद्यावरचं उपरणं सारखं केलं आणि छताकडे बघत बसून राहिला.

गुरुजींनी दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्या रांगेत हालचाल नाही. लोक माना वळवून बघायला लागले. खोलीच्या दारात ओवी हातात हार घेऊन उभी, आणि तिची नजर मामाकडे नव्हती, माझ्याकडे होती. संग्राम तरातरा माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा तांब्याच्या घंगाळासारखा झाला होता.

"बघितलंस? चारचौघांत. मुद्दाम. आता तूच जा आणि घेऊन ये पोरीला, नाहीतरी जावळाला तूच होतास."

"संग्राम, थांब जरा."

"मुहूर्त थांबतो का?"

"ओवी दुसऱ्या कुणाबरोबर यायची नाही. मला म्हणालीय तसं."

तो वळून परत आपल्या खांबाशी गेला आणि खांबाला हात टेकून उभा राहिला. 

मी ऑफिसात धावलो. आता नीट ऐक, कारण माझ्या सगळ्या कर्तबगारीतली ही सर्वांत मोठी. समोर ती खिडकी, मैलभर लांब. वेळ नाही. मी डोळे मिटले. इतकी वर्षं खिडक्या लावणाऱ्या माणसाच्या बोटांना डोळे फुटतात. कॉम्प्युटरचा उंदीर धरला, एक झटका दिला, खिडकी गरागरा फिरली, आणि जिथे थांबली तिथे डोळे उघडून बघतो तर समोर तीच. ‘पुष्कराज मामांना मांडवातली हाक ऐकू येऊ नये’. पुढे टिक. चालू. कुण्या लग्नात कुण्या दुसऱ्या पुष्कराज मामांसाठी कुणी केली असेल, ती ह्याला लागू पडली होती. मी टिक काढली. बोटाला चटका बसला, अजून डाग आहे.

"दाखवा," रेवा म्हणाली.

उन्हात दिसतो.

बाहेर आलो, गुरुजींच्या हातातला माइक घेतला आणि सगळ्या मांडवाला सांगितलं, "मंडळी, यंत्राचा घोटाळा झाला. मामांच्या कानापर्यंत हाक गेलीच नव्हती. मामा बिचारे वाट बघत बसलेत. दोष कुणाचाही नाही, त्या खिडकीचा आहे."

मांडवाला हायसं वाटलं. संग्रामने खांबावरचा हात काढला. मी त्याच्या जवळ जाऊन म्हटलं, "यंत्र पुन्हा तापायला वेळ लागतो. माइकवरून त्याला आत्ता काही जायचं नाही. कुणीतरी चालत जाऊन सांगायला हवं."

"कुणी?"

"मी गेलो तर मांडीची आठवण होईल त्याला."

"थांबा, थांबा," रेवा म्हणाली. "तुम्ही टिक काढली होतीत ना? मग गुरुजींनी पुन्हा पुकारायचं. चालत कशाला जायचं? आणि यंत्र तापतं म्हणजे काय, इस्त्री आहे का ती?"

बघ, आपलं काय ठरलं होतं? मध्ये बोलायचं नाही.

तर संग्राम निघाला. खांबापासून तिसऱ्या रांगेपर्यंत असं किती अंतर, पण तो असा चालत होता जसा काही गुडघाभर चिखलातून चाललाय.  पुष्कराजच्या खुर्चीशी पोचला, वाकला, आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. काय बोलला? मला शब्दन् शब्द ऐकू आला. म्हणाला, "पुष्कराज, जावळाच्या वेळी मी थांबायला हवं होतं. माझं चुकलं. मनात धरू नकोस. तुझ्याशिवाय ह्या कार्याला शोभा नाही. चल, पोरगी तुझी वाट बघतेय." असं म्हणून त्याने त्याचे दोन्ही हात धरले, आणि छतातल्या हजारो भोंग्यांतून आपोआप सनई वाजायला लागली.

पुष्कराज उठला. भाचीला घेऊन आला. अक्षता पडल्या. पंगतीला दोघे शेजारी बसले आणि संग्रामने स्वतःच्या हाताने त्याच्या पानात जिलबी वाढली. पुढे प्रत्येक पाडव्याला दोघं बरोबर, कधी बार्शीला, कधी परांड्याला. संग्राम गेला त्याला येत्या माघात वर्ष होईल. शेवटच्या आजारात उशाशी पुष्कराजच होता.

शीतलताईंनी लग्न उरकल्यावर मला ऑफिसात बोलावलं. "ती टिक कुठे होती तात्या, दाखवा मला." मी म्हटलं, काढली ती, आता कशी दिसेल? बाईंनी कॉम्प्युटरचं बटण बंद केलं. मग म्हणाल्या, "इतक्या वर्षांत ह्या मांडवात एक माणूस चालत दुसऱ्याकडे गेलेला मी आज पहिल्यांदा बघितला." आणि त्या महिन्यात त्यांनी भोंगे उतरवले, कॉम्प्युटर शाळेला देऊन टाकला, आणि हे एक बटण बसवलं. दाबलं की सगळ्यांना सगळं ऐकू येतं. आवडो न आवडो.

तर रेवाबाई, अशी ह्या बटणाची गोष्ट आहे. मैलभर खिडकीतून डोळे मिटून मी एक टिक शोधली म्हणून एक घर सांधलं गेलं. नाही वाटत ना खरं? मी आधीच सांगितलं होतं.

"तात्या."

आवाज समोरच्या खुर्चीतून आला. पुष्कराजचे डोळे मिटलेलेच होते. मी नकळत खिसा चाचपला. रुमाल होता, आणि रुमालात त्याचं कानातलं यंत्रही होतं.

"पहिल्या हाकेला मी उपरणं सारखं केलं म्हणालास. हाक ऐकूच आली नसेल तर कशाला सारखं केलं मी?"

रेवा माझ्याकडे बघायला लागली. बाहेर कुणीतरी, गाडी आली, गाडी आली, असं ओरडत गेलं. मी उठायला लागलो तर पुष्कराजने हात पुढे करून माझा सदरा धरला.

"आणि संग्राम वाकून काय म्हणाला तेही नीट सांगत जा पोरांना. तो म्हणाला, ‘तात्या साफ खोटं बोलतोय. पण ऊठ आता.’"